भावोजींची मुकी गाडी

माझ्या भावोजींना अठरा वर्षं कमी ऐकू येत होतं आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. आम्ही काही अगदीच बिनडोक नाही. म्हणजे थोडे आहोत, पण मुख्य दोष त्यांच्या जुन्या डिझेल गाडीचा. ती विकून त्यांनी छोटी पेट्रोलची ऑटोमॅटिक घेतली नसती, तर आमची ताई आजही त्यांना शिष्ट समजत राहिली असती आणि ते आजही "तू म्हणशील तसं" म्हणत मान हलवत राहिले असते. आणि ती गाडी आल्यावर दीड महिन्यात माझ्या बहिणीचा संसार मोडायच्या बेतात आला, हेही तितकंच खरं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारात त्यांना सगळे 'नोझलवाले' म्हणतात. डिझेल इंजिनाचे पंप आणि नोझल दुरुस्त करणं, एवढं एकच काम त्यांनी जन्मभर केलं. खाली गॅरेज, वर दोन खोल्या. एका खोलीत ते दोघं राहतात आणि दुसरीत ताईचे पडदे राहतात. ताई पडदे शिवते. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, ऑफिसांचे. तिच्या पडद्यांना जास्त चांगली खोली मिळालेली आहे, पूर्वेची.

भावोजींचं सगळं नाव एका पेचकसावर चाललेलं. हातभर लांब, लाकडी मुठीचा. इंजिन चालू करायचं, पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. मग ट्रकवाला, ट्रॅक्टरवाला, जो कोणी असेल तो श्वास रोखून उभा. थोड्या वेळाने भावोजी डोळे उघडून म्हणायचे, "तीन नंबर." नोझल काढून बघावं तर तीन नंबरच खराब निघायचा. नवीन मेकॅनिक लोक कॉम्प्युटर लावून जे शोधतात ते हे पेचकस लावून शोधायचे, आणि वर म्हणायचे, "इंजिनाबद्दल कुणाला विचारायचं नसतं. इंजिनालाच विचारायचं." हे वाक्य त्यांनी मला किमान दोनशे वेळा ऐकवलं आहे.

पुढे कानाच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे चाचपडत बसणार नाही. भावोजींच्या कानातलं एक इवलंसं हाड आखडत गेलं होतं. हवेतून येणारा आवाज तिथेच अडायचा. डोक्याच्या हाडातून आलेला मात्र थेट आत पोचायचा. त्यामुळे पेचकसातून इंजिन ऐकू यायचं, अगदी ठणठणीत, आणि समोर उभी असलेली बायको यायची नाही. आणखी एक गंमत अशी की गोंगाटात आपण सगळे ओरडून बोलतो, आणि असल्या कानाला तो गोंगाट आपल्याइतका छळत नाही. जिथे तुम्हीआम्ही "काय? काय?" करतो, तिथे भावोजींना माणसं नीट ऐकू यायची.

आणि जगात त्यांच्या डिझेल गाडीइतका गोंगाट दुसरीकडे कुठेही नव्हता. ती चालू झाली की वरच्या मजल्यावरच्या बशा हलायच्या. मागच्या सीटवर बसलं की दातावर दात वाजायचे. भावोजींनी स्वतः त्या इंजिनाचं सगळं आतडं दोनदा बाहेर काढून परत भरलेलं, पण आवाज कमी करायचं कधी मनावर घेतलं नाही. का घेतलं नाही ते आता कळतं.

गुरुवारी गॅरेज बंद. त्या दिवशी पडदे पोचवायचे. भावोजी गाडी चालवणार आणि भिंतीला भोकं पाडून दांड्या लावणार, ताई पुढे त्यांच्या शेजारी, आणि मी मागे, पडद्यांच्या गठ्ठ्यांमध्ये कोंबलेली. मी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत काम करते; माझी सुट्टीही गुरुवारी. भावोजी मला 'खिडकी' म्हणूनच हाक मारतात. "काय खिडकी, आज उघडी का बंद?" हा त्यांचा विनोद एकवीस वर्षं चालू आहे.

तर गुरुवारी त्या गाडीत आमच्या घराचे सगळे निर्णय व्हायचे. घरी भावोजींच्या तोंडून तीनच गोष्टी निघायच्या: "हं", "बघू" आणि "तू म्हणशील तसं". लेकीचा फोन आला की "आईशी बोल" म्हणून फोन ताईच्या हातात. पण गाडी सुरू झाली, ताईने घसा ताणून "अहो, छप्पर गळतंय!" म्हटलं, की हे तितक्याच जोरात "कुठल्या बाजूला?" विचारणार. मग वाद, मग भांडण, मग हसणं. लेकीचं कॉलेज गाडीत ठरलं. तिचं लग्न गाडीत ठरलं. तिच्या नवऱ्याचं नाक मोठं आहे की चेहरा लहान आहे, यावर तर तीन गुरुवार गेले. ताई आठवडाभर विषय साठवायची आणि पडद्यांच्या मापाच्या कागदी पट्टीवर खडूने यादी करायची. पुलापर्यंत लेकीचं, पुलापलीकडे घरचं. "यांचं मन गाडीतच मोकळं होतं," ती सगळ्यांना सांगायची, जरा कौतुकानेच. काही बायकांचे नवरे दारू प्यायल्यावर बोलतात. आमच्या ताईचा नवरा डिझेलवर बोलायचा.

मग ताईचा डावा गुडघा बिघडला. आठवड्यातले बाकीचे दिवस तीच ती गाडी चालवायची, कापड आणायला, मापं घ्यायला. आणि त्या गाडीचा क्लच दाबणं म्हणजे भिंत ढकलणं. डॉक्टरांनी सांगितलं, शिवणयंत्र किंवा क्लच, दोघांपैकी एकाला सोडा. शिवणयंत्राला ती सोडणार नव्हती, कारण तिच्या मते नवरे आणि गाड्या येतात-जातात. तिने एका आठवड्यात माहिती काढली, छोटी पेट्रोल ऑटोमॅटिक पसंत केली आणि घरी भावोजींच्या पाठीमागे उभी राहून विचारलं, "अहो, डिझेल काढून ही घेऊ या का?" भावोजी म्हणाले, "तू म्हणशील तसं."

त्यांना वाटलं, ती भाजीचं विचारतेय.

शोरूममध्ये गेल्यावर त्यांना कळलं. माघार घ्यायची सोय नव्हती, कारण माघार घ्यायची तर कारण सांगावं लागणार. टायवाल्या विक्रेत्याने त्यांना चालकाच्या जागी बसवलं, स्वतः बाजूला बसला आणि बटण दाबलं. चावी वगैरे काही नाही. ब्रेकवर पाय, बटण दाबा, चालू. पुन्हा दाबा, बंद.

"ऐकलंत का, सर?" विक्रेता म्हणाला.

भावोजी त्याच्या तोंडाकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले.

"अगदी बरोबर! हीच तर खासियत आहे!" विक्रेता इतका खूश झाला की त्याने आणखी दोन गिऱ्हाइकांना बोलावून आणलं. "हे सर तीस वर्षं इंजिनात काम करतात. विचारा त्यांना, काही ऐकू येतंय का!"

भावोजींनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, डिझेलवाल्याला पेट्रोलची लाज वाटतेय. मी मागून हसले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण तेव्हा मी खरंच हसले.

जुनी गाडी एका कोंबड्यांच्या व्यापाऱ्याने नेली. नेण्याआधी भावोजींनी बॉनेट उघडलं, पेचकस लावला आणि डोळे मिटून उभे राहिले. व्यापारी घाबरला. त्याला वाटलं, काहीतरी खोट सापडली. "काय नंबर?" त्याने विचारलं. भावोजींनी बॉनेट हळूच लावलं आणि चावी त्याच्या हातात ठेवली.

नवी गाडी घरी आली तेव्हा निम्मा बाजार टपून बसला होता की नोझलवाले सवयीने पेट्रोलच्या टाकीत डिझेल ओततात की काय. भावोजींनी तेवढं सुख कुणाला दिलं नाही. त्यांची चूक वेगळीच होती. डिझेल चालू झाली की तळव्यांना, मांड्यांना, दातांना कळायचं. ही चालू झाली तर काहीच कळायचं नाही. मग ते बटण दाबायचे, थोडं थांबायचे, चालू झाली नाही असं वाटून पुन्हा दाबायचे, आणि चालू झालेली गाडी बंद व्हायची. मग गिअर 'डी'वर टाकून बसायचे. मागे हॉर्न. डावा पाय बिचारा बेरोजगार झालेला, तो क्लच शोधत पायपुसणं चोळत बसायचा. एकदा सिग्नलला त्यांनी दारातल्या खणातून पेचकस काढला, टोक स्टिअरिंगच्या दांड्याला लावलं, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी आपली काच वर घेतली. "अहो, चालू आहे की नाही ते मला विचारा ना," ताई म्हणाली. भावोजी डोळे मिटून इंजिनाला विचारत होते. ताईला त्यांनी विचारलं नाही.

पहिल्या गुरुवारी ताई केवढी खुशीत होती! "आता माणसासारखं बोलता येईल बाई. त्या धुडात ओरडून ओरडून घसा गेला माझा." तिने यादी काढली आणि साध्या, हलक्या आवाजात लेकीचं सांगायला सुरुवात केली. लेक परगावी, तिला दिवस गेलेले, तिथे एकटी, नवरा फिरतीवर. ताई सांगत राहिली. भावोजी रस्त्याकडे बघत राहिले.

"हं," ते म्हणाले.

पुलावर म्हणाले, "बघू."

तिसऱ्या गुरुवारी यादी अर्धी राहिली. चौथ्या गुरुवारी ताईने यादी आणलीच नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "गाडी माझ्या गुडघ्यामुळे गेली ना, त्याचा सूड उगवताहेत. अबोला धरलाय. एका इंजिनासाठी!" मी म्हटलं, पुरुषाची जात. असं म्हटलं की विचार करायचे कष्ट वाचतात.

सहाव्या गुरुवारी पुलावर गर्दी होती, गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या. गाडीत इतकी शांतता की माझ्या मांडीवरचा गठ्ठा सरकलेला ऐकू येत होता. ताई समोर बघत म्हणाली, "मी लेकीकडे जाऊन राहते म्हणते."

भावोजींचे डोळे पुढच्या ट्रकवर.

"बाळंतपणापुरतं नाही. तिकडेच राहते. ती खोली देतेय. मशीनही नेता येईल. इथे माझ्याशी बोलायला तरी कोण आहे?" तिचा आवाज शेवटी जरासा फाटला. "चालेल ना तुम्हाला?"

तिचं बोलणं थांबलं हे भावोजींना बहुधा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं असावं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं."

मग लगेच, अगदी आनंदाने, पुढच्या ट्रककडे बोट दाखवून: "धूर बघ त्याचा. नोझल गेलाय, पैजेवर सांगतो!"

ताईने तोंड खिडकीकडे वळवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या हाताशी पडद्याची सहा फुटी दांडी होती आणि ती भावोजींच्या टकलात घालावी की न घालावी, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. गाडीत जागा नव्हती म्हणून ते वाचले.

घरी आल्यावर ताई पूर्वेच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. मी बसून राहिले, वाफ दाबत. दोन तासांनी एक गठ्ठा गाडीतच राहिल्याचं आठवलं, म्हणून खाली गेले. शेडमध्ये गाडी उभी. बॉनेटला सहज हात लागला तर गरम. कान दिला तर गाडी चालू! दोन तास, कुणीही आत नसताना, गाडी आपली शहाण्यासारखी चालू. जो माणूस रस्त्यापलीकडच्या ट्रकचा धूर बघून त्याची प्रकृती सांगतो, तो स्वतःची गाडी चालू ठेवून वर येऊन भाकरी... नाही, भाकरी नाही, पाव खात बसला होता. खरं तेच सांगावं.

मी बटण दाबून ती बंद केली आणि वर आले. भावोजी मोरीपाशी पाठमोरे हात धूत होते.

"भावोजी, गाडी चालूच ठेवलीत," मी म्हटलं.

साबण घासणं चालू.

"भावोजी, तुमच्या शर्टाला मागून आग लागलीय."

नळ बंद केला, पुन्हा उघडला.

माझी जीभ थांबेना. "भावोजी, तुम्ही एक नंबरचे खडूस आहात. तुमचा विनोद मला एकवीस वर्षांत एकदाही आवडलेला नाही. आणि तुमची ती पितळी टॉर्च मीच हरवली होती. तुम्ही उगाच शेजाऱ्याशी भांडलात."

भावोजी टॉवेलला हात पुसत वळले, मला बघून दचकले आणि गोड हसले. "अरे खिडकी! कधी आलीस वर? चहा घेणार ना?" आणि त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती. ओठांवर होती.

ती नजर मला पाठ आहे. माझ्या चौकशीच्या खिडकीला जाड काच आहे आणि खाली बोलायला बोटभर भोकं. ज्याला नीट ऐकू येतं तो भोकांशी कान आणतो. ज्याला येत नाही तो काचेतून माझ्या ओठांकडे बघतो, "कळलं, कळलं" म्हणतो आणि चुकीच्या फलाटावर जाऊन उभा राहतो. रोज पाच-सहा तरी. दिवसभर मी अशी माणसं ओळखते आणि घरच्या माणसाला अठरा वर्षं ओळखलं नाही. मला रडू आलं. मी चहा नको म्हणून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या खिडकीवर आली, चक्क रांगेत उभी राहून. "पुढच्या शनिवारचं तिकीट. एक."

"परतीचं?"

"नको."

मी तिला म्हटलं, शेजारच्या तिकीट-खिडकीवरून काढून ठेवते. आणि काढलं नाही. नोकरीत पहिल्यांदाच खोटं बोलले, तेही सख्ख्या बहिणीशी, काचेआडून.

संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर गॅरेजमध्ये गेले. एका ट्रॅक्टरचं इंजिन धडाधड चाललेलं, कानठळ्या बसत होत्या. मी ओरडले, "भावोजी!"

ते लगेच वळले. "काय गं? आज बरी वाट चुकलीस?"

"तुम्हाला ऐकू येत नाही!"

"येतंय की. बोल."

"इथे येतं. वर येत नाही. त्या नव्या गाडीत तर अजिबात येत नाही."

भावोजींनी इंजिन बंद करायला हात नेला आणि अर्ध्यावरून परत आणला. बंद केलं तर मी काय बोलते ते कळणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. ते ऑइलच्या डब्यावर बसले.

"इंजिनं ऐकू येतात," ते म्हणाले. "माणसं नाही."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"सांगून? बाजारात माझं आहे काय? कान. नोझलवाला बहिरा झाला म्हटल्यावर माझ्याकडे गाडी कोण आणेल? आधी वाटलं, थकल्यामुळे असेल. मग वाटलं, होईल बरं. मग इतकी वर्षं गेली की सांगायची लाज वाटायला लागली. आणि गुरुवारी सगळं कळायचं की मला! ती एवढं मोठ्याने बोलायची." ते पेचकसाची मूठ चोळत राहिले. "ताईला सांगू नकोस, खिडकी. मी सांगेन कधीतरी."

"कधीतरी? पुढच्या शनिवारी ती चाललीय!"

"कुठे?"

"लेकीकडे. बाळंतपणापुरती नाही, कायमची. काल पुलावर तिने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही म्हणालात, तू म्हणशील तसं."

भावोजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना ऐकू आलं होतं, तरी बघत राहिले.

"मला वाटलं, ती अस्तराच्या कापडाचं विचारतेय," ते म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस तेलकट हातांनी तोंड झाकून बसला. मी शेजारच्या टायरवर बसले. काही बोलायचं तर ओरडावं लागलं असतं.

त्यानंतर भावोजींनी जे केलं त्याला अक्कल म्हणायची की अक्कलशून्यता, मला अजून ठरवता आलेलं नाही. ते कोंबड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेले आणि एका दिवसासाठी डिझेल परत मागितली. का, तर बायकोशी बोलायचंय. व्यापाऱ्याने विचारलं, "घरात जागा नाही का?" गाडीच्या सीटा त्याने कधीच काढल्या होत्या, आत पिंजरे रचले होते. तरी भावोजी म्हणाले, पिंजरे बाजूला करू, आम्ही स्टुलावर बसू. व्यापारी गाडी द्यायला तयार झाला नाही. पेचकस खिशात आणि मिशीत पांढरं पीस, असे ते परत आले. पीस ताईने काढलं, विचारलं काहीच नाही. तिने विचारणं सोडून दिलं होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

गुरुवार आला. दवाखान्याचे हिरवे पडदे, बावीस जोड. मी मागे. ताई पुढे, खिडकीला चिकटून. पूर्वेच्या खोलीत तिची बॅग भरलेली मी येताना बघितली होती. आरशात भावोजी माझ्याकडे बघत होते आणि मी डोळे मोठे करून 'बोला' म्हणत होते.  बाजार गेला, शाळा गेली, दवाखान्याकडचं वळणही मागे पडलं, म्हणजे ते वळायलाच विसरले. पूल दिसू लागला.

पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली, 'पी'वर टाकली आणि दारातल्या खणातून पेचकस काढला. पात्याच्या टोकाला त्यांनी पडद्याच्या हिरव्या कापडाचा तुकडा गुंडाळला, मूठ स्वतःच्या कानामागे धरली आणि टोक ताईच्या हनुवटीला लावलं.

"अहो! डोळा फोडाल!"

"बोल," भावोजी म्हणाले.

"काय बोलू? वेड लागलंय का तुम्हाला? रस्त्यात पेचकस काय लावताय? लोक बघताहेत!"

भावोजींनी डोळे मिटले होते. गॅरेजमध्ये मिटतात तसेच, आणि चेहरा असा की त्यांना कुणी ढकललं असतं तरी कळलं नसतं.

"हा तुझा साधा आवाज?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मला वाटायचं, तू आता ओरडूनच बोलतेस. हा आवाज..." ते थांबले. "म्हातारा झाला गं तुझा आवाज. कधी झाला?"

ताईने माझ्याकडे वळून बघितलं.   मी नुसता कानाला हात लावला आणि 'नाही' अशी मान हलवली. आमची ताई हुशार आहे. तिच्या चेहऱ्यावरून मागची अठरा वर्षं सरसर जाताना मी बघितली: फोन, छप्पर, तीन उत्तरं, यादी, सगळी. एका क्षणी तिला इतका राग आला की मला वाटलं, आता ती तो पेचकस हिसकावून भावोजींना भोसकणार.

"पुलावर मी काय म्हणाले होते?" तिने विचारलं. अगदी हळू. मुद्दाम हळू.

"लेकीकडे जाते म्हणालीस. कायमची. मला खिडकीने सांगितलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"तू म्हणशील तसं."

"आता काय म्हणता?"

भावोजींनी पेचकस तिच्या हनुवटीवर पुन्हा नीट टेकवला. त्यांनी दुसऱ्या हाताने तो घट्ट धरला. "बाळंतपणाला जा," ते म्हणाले. "मग ये परत. मी कानवाल्या डॉक्टरकडे जातो. बाजाराला काय म्हणायचं ते म्हणू दे. पण तू नको जाऊस."

 ताईची हनुवटी हलत होती, तेवढं मला मागूनही दिसत होतं. मग तिने नाक ओढलं, पदराने पुसलं आणि हनुवटी पेचकसाच्या टोकावर घट्ट टेकवून म्हणाली, "आधी ती गाडी बंद करा. उगाच पेट्रोल जळतंय."

भावोजींनी बोट बटणाकडे नेलं आणि ते तिथेच थांबलं. एरवी त्यांनी पेचकस स्टिअरिंगला लावला असता. आज तो ताईच्या हनुवटीवरून काढायला ते तयार नव्हते.

"चालू आहे का?" त्यांनी तिला विचारलं.

"हो," ताई म्हणाली.